कुलूपबंद शाळा, तापलेली वस्ती



पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर चढला की आपल्याकडे एक ठरलेला निर्णय येतो. शाळा सकाळच्या करा, आणि तेवढ्याने भागले नाही तर सुट्टी द्या. पालकांना हायसे वाटते, बातमी छापून येते आणि मुलांचे उन्हापासून रक्षण झाले असे आपण धरून चालतो. आज मला ही समजूत तपासायची आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, उष्णतेच्या लाटेत शाळा बंद करणे हा नाइलाज असू शकतो, पण त्याला तयारी म्हणता येत नाही. शाळेची इमारत थंड ठेवली, आणि वर्ग सुटल्यावर व सुट्टी लागल्यावरही तिचे दार आसपासच्या वस्तीला उघडे राहिले, तर त्याला मी तयारी म्हणेन. शहराच्या जवळपास प्रत्येक प्रभागात असलेली, पक्क्या बांधणीची, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह असलेली सार्वजनिक इमारत बहुधा महापालिकेची शाळाच असते. तिला आपण नेमके एप्रिलच्या अखेरीस कुलूप लावतो.

सुट्टी मिळालेले मूल जाते कुठे, हा पहिला प्रश्न. ज्याच्या घरी कूलर आहे, जाड भिंती आहेत, डोक्यावर दोन मजले आहेत, ते सुखरूप राहते. महापालिकेच्या शाळेत येणाऱ्या असंख्य मुलांच्या घरांवर मात्र पत्रा असतो. पत्र्याला जाडी नाही, त्यामुळे उष्णता थोपवण्याची ताकदही नाही. भर दुपारी तो स्वतः तापून खोलीतल्या माणसांवर वरून आच सोडत राहतो, आणि पंखा लावला तर तीच गरम हवा खोलीत फिरते. त्याच खोलीत स्वयंपाक होतो. आईवडील कामावर गेलेले असतात, धाकट्या भावंडांना सांभाळायला दहा-अकरा वर्षांची बहीण असते. २०२४च्या मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले. कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय करावी, असे त्या आदेशात होते. खासगी शिकवणीचे वर्ग सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्यावेत, असेही होते. शाळांना तर तेव्हा सुट्टीच होती. तरीही मुले दुपारच्या उन्हात जात-येत होती, म्हणून तर हे वेगळे लिहावे लागले. शाळेचे दार लावल्याने मुलांची दुपार नाहीशी होत नाही. ती आपल्या नजरेआड जाते.

उन्हामुळे होणारे मृत्यू आपल्याला दिसत नाहीत, कारण ते मोजले जात नाहीत. उष्माघात झाल्याची नोंद रुग्णालयात, डॉक्टरांसमोर झाली तरच तो आकड्यात येतो. हृदयविकार असलेला वृद्ध माणूस तिसऱ्या तापलेल्या रात्री घरीच गेला, तर दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि ते वैद्यकीयदृष्ट्या खोटेही नसते. म्हणून अभ्यासक दुसरा मार्ग घेतात. त्या दिवसांत शहरात एरवी किती मृत्यू होतात आणि या वर्षी किती झाले, यातला फरक ते मोजतात. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे या पद्धतीने पुढे आले. सरकारी नोंदीत उष्माघाताचे म्हणून जे दिसत होते त्यापेक्षा हे चित्र कितीतरी भयंकर होते. २००८ ते २०१९ या काळातील दहा भारतीय शहरांच्या मृत्युनोंदी तपासणारा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि पुणेही होते. सलग दोन दिवस त्या-त्या शहराच्या मानाने असाधारण उष्णता राहिली, तर रोजचे मृत्यू १४.७ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. पुण्यासारखे शहरही या यादीत आहे, हे लक्षात घ्या. उष्णतेची लाट हा केवळ विदर्भाचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा.

‘आपण उन्हाला सरावलेले आहोत’ हा आक्षेप इथेच घेतला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. आठ-पंधरा दिवस उन्हात वावरल्यावर शरीर बदलते. घाम लवकर येऊ लागतो, त्यातले मिठाचे प्रमाण घटते, हृदयावरचा ताण कमी होतो. पण अहमदाबादची माणसेही पिढ्यान्‌पिढ्या उन्हाला सरावलेलीच होती. सरावाला मर्यादा असते, आणि तो दर हंगामात नव्याने करावा लागतो. म्हणूनच मार्चमधली पहिली लाट, जेव्हा पारा मेपेक्षा कमी असतो पण शरीर अजून हिवाळ्यातच असते, ती अधिक दगा देऊ शकते. त्या वेळी शाळा पूर्णवेळ चालू असतात आणि क्रीडास्पर्धाही उरकायच्या असतात.

अहमदाबादने २०१० नंतर काय केले, याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातला तो असा पहिला आराखडा. लोकांना आगाऊ इशारा देणे, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देणे, पाण्याची आणि सावलीची सोय करणे, अशी साधीच कामे त्यात होती. पुढे झालेल्या मूल्यमापनात या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज निघाला. मला मात्र त्या शहरातली एक लहान गोष्ट अधिक बोलकी वाटते. २०१०च्या लाटेत तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळे उष्णतेने आजारी होऊन दाखल होत होती. अभ्यासकांना दिसले की, ४२ अंशांच्या वर दर एका अंशाला अशा बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत होती. प्रसूतीचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर आजारी बाळांचे प्रमाण घटले. औषध बदलले नव्हते, यंत्रे आणली नव्हती. फक्त मजला बदलला होता.

आपल्या शाळांकडे आता या नजरेने पाहा. वरच्या मजल्यावर कोणते वर्ग बसतात? अनेक ठिकाणी मजला पटसंख्येवरून, मुख्याध्यापकांच्या सोयीवरून किंवा केवळ चालत आले म्हणून ठरलेला असतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषतो आणि दुपारी उशिरापासून रात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. म्हणजे दुपारच्या सत्रातल्या मुलांच्या डोक्यावर तो अगदी वाईट वेळी तापलेला असतो. मार्च-एप्रिलपुरते वरच्या मजल्यावरचे वर्ग खाली घेणे, तिथे कार्यालय, भांडार किंवा रिकामी खोली ठेवणे, याला एक रुपयाही लागत नाही. गच्चीवर उन्हाळ्याआधी चुन्याचा दाट पांढरा हात मारला, तर ऊन परत फेकले जाऊन खालच्या खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी लावावा लागतो. रंग टिकाऊ हवा असेल तर खर्च वाढतो. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांसाठी स्वतंत्र राज्य धोरणच आणले. महाराष्ट्राने ते महापालिका शाळांपासून सुरू करायला काहीच हरकत नाही.

इमारतीबद्दल अजून सांगायला हवे, कारण अडचण तिथेच आहे. जुन्या शाळांना कौलारू छप्पर, खोल ओसरी आणि छताजवळ झरोके असत. गरम हवा वर जाऊन बाहेर पडे आणि भिंतीवर थेट ऊन पडत नसे. नव्या इमारतींत ओसरीची जागा वर्गखोल्यांनी घेतली. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे उरले नाहीत, काही ठिकाणी तर काचा पक्क्या बसवलेल्या आहेत. मैदानावर मातीऐवजी पेव्हर ब्लॉक आले, आणि ऐपत असलेल्या शाळांत कृत्रिम गवत आले. ते उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. पॅरिस शहराने २०१८च्या सुमारास शाळांच्या डांबरी अंगणांचे डांबर उखडून तिथे माती, झाडे आणि पाणी आणायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर ही अंगणे परिसरातल्या लोकांना मोकळी असावीत, अशीही त्यामागची कल्पना आहे. पॅरिसला हे सुचण्यामागे एक दुःखद इतिहास आहे. २००३च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे उष्णतेने गेली, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. आपल्याकडे कडुनिंब आणि करंज आहेत. त्यांची सावली मिळायला सात-आठ वर्षे लागतील, तोवर हिरवी जाळी चालेल. पण झाड या पावसाळ्यात लावले नाही, तर पुढच्या दशकातही जाळीच राहील.

मुलांच्या शरीराबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मुले मोठ्यांपेक्षा उष्णता सहन करण्यात मुळातच कमी पडतात, असे दीर्घकाळ मानले जाई. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली हे मत सुधारले. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी, पण शाळेच्या वयाच्या निरोगी मुलाला पुरेसे पाणी, विश्रांती आणि योग्य कपडे मिळाले, तर ते मोठ्यांच्या बरोबरीने उष्णता सहन करते. यातून निघणारा अर्थ शाळांना अधिक जबाबदार धरणारा आहे. मुलाला धोका होतो तो त्याच्या हातात काही नसल्यामुळे. तहान लागली तर उठण्याची परवानगी नाही, सावलीत जायचे तर खेळाचा तास चालू आहे, गळ्यात टाय आणि पायात बूट-मोजे आहेत, गणवेश पॉलिस्टरचा आहे. मुलींबाबत तर आणखी एक गोष्ट आहे आणि ती सभेत बोलायला आपण कचरतो. शाळेचे स्वच्छतागृह घाण असेल, त्याला कडी नसेल, तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. अशा शाळेत पाण्याचा माठ भरून ठेवला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नाही. केरळने २०१९ साली ठरावीक वेळी पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्याची प्रथा सुरू केली आणि ती देशभर वाखाणली गेली. ती चांगलीच आहे, पण त्या घंटेआधी स्वच्छतागृहाची कडी बसवा.

सकाळच्या शाळेबद्दलही थांबून विचार करायला हवा. २०२५ साली राज्यात प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक शाळा पावणेबारापर्यंत भरवण्याचे ठरले. त्याच वर्षी परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या, आणि विदर्भातून त्याला विरोध झाला. मला तो विरोध रास्त वाटतो. नागपूरने २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेले आहेत. तिथले वेळापत्रक आणि महाबळेश्वरच्या पायथ्याचे वेळापत्रक एकाच परिपत्रकात बसू शकत नाही. सकाळच्या शाळेचीही किंमत असते. पत्र्याखाली रात्र तापलेली गेली की मुलाची झोप पहाटे लागते, आणि साडेपाचला उठून उपाशीपोटी निघावे लागते. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे याच शासनाने २०२४ साली सांगितले होते. झोप आणि ऊन यांत निवड करायची वेळ येते, ती वर्गखोली तापते म्हणून. शिवाय जिथे एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात, तिथे सगळ्यांना सकाळची शाळा देणे शक्यच नसते, आणि दुपारचे सत्र ज्यांच्या वाट्याला येते ती मुले बहुधा गरीब घरांतलीच असतात. वेळ बदलल्याने या मुलांना काही मिळत नाही. छत बदलले तर मिळते.

तापलेल्या वर्गात शिकणे होत नाही, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. अमेरिकेतील लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे गुण तपासणाऱ्या २०२०च्या एका अभ्यासात, वातानुकूलन नसलेल्या शाळांत शालेय वर्ष एक अंश फॅरनहाइटने अधिक गरम गेले, तर त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटल्याचे दिसले. तोटा गरिबांच्या मुलांचा अधिक झाला. मग सगळ्या वर्गांना एसी का बसवू नयेत, असे कोणी विचारील. बसवता आले तर दोन-तीन खोल्यांना जरूर बसवा, विशेषतः अंगणवाडी आणि आजारी मुलांसाठी. पण एसी खोलीतली उष्णता रस्त्यावर टाकतो, वीजबिल शाळेच्या अनुदानाला पेलत नाही, आणि ऐन लाटेत वीज गेली की पक्क्या काचांची ती खोली इतर खोल्यांपेक्षा वाईट होते. आधी छत, सावली, वारा आणि पाणी यांची सोय करावी, एसीचा विचार त्यानंतर.

आपले इशारेही अपुरे आहेत. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि किनारपट्टीवर ३७ अंशांवर गेले, आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असले, तर लाट जाहीर होते. हे तापमान सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीतले असते. पत्र्याच्या खोलीतले नसते, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातले तर नसतेच. त्यात दमटपणाही येत नाही. माणसाचे शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि हवाच बाष्पाने भरलेली असेल तर घाम निथळतो, वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळीशीच्या आतच होता. मुंबई, ठाणे, पनवेल, रत्नागिरी इथल्या शाळांनी विदर्भाच्या आकड्यांशी तुलना करून निर्धास्त राहणे म्हणूनच घातक आहे. प्रत्येक शाळेत निदान वरच्या मजल्यावरच्या एका वर्गात तापमान आणि आर्द्रता दाखवणारे उपकरण असावे. ते काहीशे रुपयांत मिळते. विज्ञानाच्या तासाला मुलांनी त्याची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीवरून खेळाचा तास रद्द करण्याचा अधिकार वर्गशिक्षकाला असावा. त्यासाठी वरून परिपत्रक यायची वाट पाहावी लागू नये.

शाळेची इमारत वस्तीसाठी उघडी ठेवावी असे मी म्हणतो, त्यामागे शिकागोचा दाखला आहे. १९९५च्या जुलैमध्ये त्या शहरात उष्णतेच्या लाटेत ७३९ जादा मृत्यू झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी दोन शेजारच्या गरीब वस्त्यांची तुलना केली. वृद्धांची आणि गरिबांची संख्या दोन्हीकडे तुल्यबळ होती, तरी एकीतला मृत्युदर दुसरीपेक्षा कितीतरी जास्त होता. जिथे दुकाने चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, वृद्ध माणसे निर्धास्तपणे घराबाहेर पडून थंड ठिकाणी जाऊन बसत होती, तिथे माणसे वाचली. ओस पडलेल्या रस्त्यांच्या वस्तीत ती बंद खोलीत एकटी गेली. आपल्या चाळींत आणि झोपडवस्त्यांत ही वर्दळ अजून आहे. चैत्र-वैशाखात पाणपोई घालण्याची रीत अजून आहे, मंडळे आहेत, बचतगट आहेत, घराघरांत ओळख असलेल्या आशा ताई आहेत. नाही ती जागा, जिथे दुपारी बारा ते पाच एखादी गरोदर बाई, एखादे आजोबा, बांधकामावरून आलेला मजूर आणि सुट्टीतली मुले पंख्याखाली बसू शकतील. शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे सरबत, ओआरएसची पाकिटे आणि उष्माघात ओळखता येणारे एक माणूस, एवढे पुरे आहे. त्या माणसाला काय माहीत असावे, हेही सांगतो. उन्हात माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडे असलेच पाहिजे असे नाही, कष्ट करणाऱ्याला घाम चालूच राहू शकतो. १०८ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातला कांदा यातले काही करत नाही. पन्हे, कोकम सरबत, ताक यांतून पाणी जाते, मीठ घातलेले असेल तर मीठही जाते, म्हणून ते शुद्धीवरच्या माणसाला उपयोगी आहे.

हे सगळे करणार कोण, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि तो शिक्षकांकडून येतो. सर्वेक्षणे, याद्या, निवडणूक यांत आधीच दबलेल्या शिक्षकाच्या गळ्यात आता पाणपोई बांधायची का? मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याचे २७वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्याची मनाई करते. त्याला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण असे अपवाद आहेत. उष्णता ही आपत्ती आहे असे म्हणून तिसऱ्या अपवादाचा आधार घेत सुट्टीतल्या शिक्षकाला शाळेत बसवण्याचा मोह प्रशासनाला होईल. तो मी चुकीचा मानतो. किल्ली प्रभाग कार्यालयाकडे असावी, देखरेख आरोग्य विभागाची असावी, आणि खोली चालवणाऱ्या बचतगटाच्या महिलांना त्याचे मानधन मिळावे. फुकटच्या सेवेवर उभी केलेली योजना दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडते.

मानधनाचा प्रश्न आपल्याला आराखड्यांच्या खऱ्या दुखण्याकडे नेतो. अहमदाबादनंतर नागपूरसह अनेक शहरांनी, जिल्ह्यांनी आणि राज्यांनी आराखडे केले. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ साली असे ३७ आराखडे तपासले. कोणत्या वस्तीतली कोणती माणसे अधिक धोक्यात आहेत, याची रीतसर पाहणी त्यांतल्या अवघ्या दोघांत होती, आणि बहुतेकांमध्ये पैसा कुठून येणार याचा पत्ता नव्हता. पाहणी नसेल तर कोणत्या शाळेची गच्ची आधी पांढरी करायची हे कळत नाही, आणि तरतूद नसेल तर कळूनही उपयोग नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. शाळांच्या छतांसाठी, पाण्यासाठी आणि दुपारच्या खोलीसाठी त्यात वेगळे शीर्षक उघडले, तरच पुढच्या उन्हाळ्यात काही दिसेल. एप्रिलमध्ये काढलेल्या परिपत्रकाने चुन्याची एक पिशवीही विकत घेता येत नाही.

श्रोतेहो, आपणापैकी कोणी पालक असाल, निवृत्त शिक्षक असाल, मंडळाचे कार्यकर्ते असाल. आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेत या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने जा. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वर्गात दुपारी तीन वाजता तापमान मोजा, स्वच्छतागृहाची कडी आणि पाण्याची टाकी पाहा, आणि जे दिसेल ते आकड्यांसह लिहून, सह्या घेऊन प्रभाग कार्यालयात आणि आपल्या नगरसेवकाकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका, आणि अंदाजपत्रकाच्या सभेआधी ती पोच घेऊन पुन्हा जा.